एकशे सतरावं पद

सूत्राच्या एकशे सतराव्या पदाशी तिची पेन्सिल पुन्हा अडली. मशीनच्या कागदावर उणे, माईंच्या वहीत अधिक. बाकीची तीनशे अकरा पदं अक्षर न् अक्षर जुळत होती.

चंद्राच्या वाटेचं हे सूत्र वेधशाळेच्या गणक माईंनी हातानं उलगडलं होतं, सहा वर्षं खपून. तेच आता मशीन बावीस मिनिटांत उलगडत होतं. आजवर त्याला फक्त आकडे कळायचे. अक्षरांचं बीजगणितही कळावं म्हणून या मुलीनं त्याच्यासाठी नवी भाषा रचली होती. आज चार वाजता संचालक निकाल देणार होते. उत्तर वहीशी जुळलं तर भाषा राहील, तिची नोकरीही. नाहीतर मशीन पुन्हा हजेरीपट छापायला मोकळं.

दोन दिवस तिनं प्रोग्राम पिंजून काढला. चूक सापडेना. माईंवर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. माईंच्या खणात खोडरबर शोधून दाखवणाऱ्याला बढती मिळेल, अशी कचेरीत जुनी थट्टाच होती.

साडेतीनला तिनं प्रोग्रामच्या छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात एक जादा कार्ड सरकवलं. हे पद आलं की चिन्ह उलटं कर, एवढंच त्यावर होतं. कारण नंतर शोधू, ती मनाशी म्हणाली.

मशीन धडधडलं. संचालकांनी वही आणि कागद शेजारी ठेवून शेवटच्या पदापर्यंत बोट फिरवलं.

"तंतोतंत! जिंकलीस पोरी."

तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात माई दारात आल्या. त्यांना धाप लागली होती.

"या माई," संचालक हसले. "तुमची सहा वर्षं यानं बावीस मिनिटांत उरकली बघा."

"उरकू दे की, माझी पाठ तरी सुटेल," माई म्हणाल्या. "पण साहेब, ती वही जरा द्या. आज कच्चे कागद आवरताना दिसलं. वहीत उतरवताना माझ्या हातून एक चिन्ह चुकलंय. एकशे सतरावं पद. तिथं उणे हवं."

संचालकांचं बोट मशीनच्या कागदावर मागे सरकत गेलं आणि अधिकच्या चिन्हावर थांबलं. माईंनी वाकून पाहिलं. मग चष्मा काढून त्या मुलीकडे वळल्या.

"चूक तर माझी होती गं," त्या हळूच म्हणाल्या. "मशीनला कुणी शिकवली?"