दोरीच्या वर येणारी कच

अंगणात फरशा बसवायच्या म्हणून बाबांनी खडी पसरली, वर दगडाची बारीक कच टाकली, पाणी मारलं आणि जमीन चोपायच्या लोखंडी धुमसाने ती अशी काही ठोकली की खिडक्या थरथरल्या. पाइप धरून उभी असलेली त्यांची मुलगी जाम खूश होती. संध्याकाळपर्यंत अंगण कसं एकदम सपाट!

फक्त मधला तळहाताएवढा भाग पुन्हा पुन्हा पातळीसाठी ताणलेल्या मापाच्या दोरीच्या वर येत होता.

"दादा, म्हातारा झालास तू," मदतीला आलेला काका हसला.

बाबांचं डोकंच फिरलं. त्यांनी तिथे दणादण घाव घातले. खडीचा चुरा झाला, तळहातांची सालटी निघाली, तरी उंचवटा तसाच. शिवाय प्रत्येक घावानंतर खालूनही तसाच एक दणका येऊ लागला.

"आत पोकळी असणार," म्हणत काका गुडघ्यांवर बसला आणि चाचपायला त्याने पंजा तिथे टेकवला.

बाबांचे हात धुमस घेऊन वर गेलेलेच होते. "हात काढ!" ते ओरडले.

"अरे, निघत नाहीये, दादा!"

"बाबा, बाजूला फेका ना!" मुलगी किंचाळली.

"हातातून सुटत नाहीये गं."

या वेळी खालचा दणका आधी आला, आणि त्याला उत्तर द्यायला बाबांचे हात खाली येऊ लागले.