भरमूचं पाणी

गावठी वैद्य भरमूनं अंजनीचे दोन्ही हात परातीतल्या चुन्याच्या पाण्यात धरले आणि वर पाला चोळला. पाणी हळूहळू पिवळं झालं.

"कावीळ," ओसरीवरून अप्पासाहेब म्हणाले. निपाणीचे हे तंबाखूचे व्यापारी तिसऱ्यांदा नवरदेव व्हायला निघाले होते. त्यांची थोरली लेक अंजनीपेक्षा मोठी होती.

राजाबाई लेकीच्या पाठीशी बसली होती. सुपारी फुटली त्या दिवशी तिनं नवऱ्याला एकदाच म्हटलं होतं, "पोर सतराची, पाव्हणं पन्नाशीचं. बघा की जरा."

"शब्द दिलाय मी," ज्योतिबा म्हणाला होता.

त्यानंतर ती लग्नाच्या तयारीला लागली. कुरडया घातल्या, शेवया वळल्या. त्यांच्या जांबोटीच्या रानात हिवताप घरोघर. लग्नात पोरीला ताप नको म्हणून ती रोज सकाळी, सगळ्यांदेखत, तिला गुळातून एक गोळी द्यायची. तिचा थोरला लेक गुंडू ब्रह्मदेशच्या लढाईवरून रजेवर आला होता, तेव्हा पलटणीत मिळणाऱ्या त्या गोळ्यांची डबी ठेवून गेला होता. ताप आला नाही. पण हळद लागायच्या आधीच अंजनीचं अंग पिवळं पडलं.

ज्योतिबा बेळगावच्या डॉक्टरकडं न्यायला निघाला, तर राजाबाई आडवी आली. "काविळीला भरमूच पायजे. आन पाव्हण्यांदेखत पायजे. मागनं बोल नको."

"मान वर कर गं," भरमू म्हणाला. "डोळं बघू दे."

"पाव्हणं बसल्यात," राजाबाई म्हणाली. "खालीच असू दे मान."

भरमूनं वाकून बघितलंच. "डोळं तर दुधागत पांढरं हाईत, आक्का. मला न्हाय ही कावीळ वाटत."

"मग पाणी का पिवळं उतरलं, भरमाप्पा? तुमचं पाणी खोटं बोलतंय व्हय?"

भरमू परातीकडं बघत राहिला. पंचक्रोशी त्याच्या दारात यायची ती याच पाण्यासाठी.

"न्हाय," तो म्हणाला. "कावीळच हाय. लई मुरलीया."

अप्पासाहेबांनी पागोटं उचललं. "दोन बायका पोचवल्या, ज्योतिबा. तिसरी मरणाला टेकलेलीच आणू व्हय? सुपारी मोडली समजा."

गाडी वेशीबाहेर गेली. ज्योतिबा खांबाला टेकून बसला. राजाबाईनं परात उकिरड्यावर ओतली आणि चुलीपाशी येऊन डबीतल्या उरलेल्या गोळ्या निखाऱ्यांवर रिकाम्या केल्या.

"आता बंद," ती लेकीला हळूच म्हणाली. "गुंडू म्हणालता, ह्या सोडल्या की त्याची पिवळी पलटण दोन-तीन महिन्यांत आपापल्या रंगावर येती."