तीन चाकांवरची शिकवणी

"माझे गुडघे आता ही गाडी तोलत नाहीत," ती मेकॅनिकला म्हणाली.

"तुझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" मागच्या स्टुलावरून मास्तर म्हणाले. "काल गॅसची टाकी एकटीनं वर आणलीस."

मेकॅनिकनं नवराबायकोकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.

तिची मोटारसायकल गॅरेजच्या दारात उभी होती. दोन्ही बाजूंना सामानाचे डबे, पुढे उंच काच, मागे दिवसभर बसलं तरी पाठ धरणार नाही अशी रुंद सीट. लग्न झाल्यापासून गाडी ती चालवायची आणि मास्तर मागे बसायचे. शाळेत पी.टी. शिकवताना सगळं मैदान एका शिट्टीवर हलवणारा माणूस, पण क्लच आणि गिअरचं त्यांच्याशी कायमचं वाकडं. मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. काठी टेकत ते चालायला लागले, पण मागच्या सीटवर एकदाच बसले. वळणावर तोल गेला. तिनं कशीबशी गाडी सावरली. त्या दिवसापासून गाडी घरासमोरून हलली नव्हती, आणि मास्तर घरातून. आज ती गाडी घेऊन आली होती, मास्तर मागोमाग रिक्षानं.

आत तीनचाकी होती. पुढून मोटारसायकलच, पण मागे दोन चाकं, आणि मागच्या सीटला खुर्चीसारखी पाठ नि हात. तिची गाडी घेऊन मेकॅनिक ही द्यायला तयार होता.

"लहान पोराच्या सायकलसारखी दिसतेय," मास्तर म्हणाले. "तू जा ना एकटी. गाडी आहे, रस्ता आहे. माझं लोढणं कशाला गळ्यात?"

"लोढणं कोण म्हणालं?"

"मीच म्हणतोय. घरी बसून दुसरा उद्योग काय आहे मला?"

मेकॅनिक उगाच खाकरला.

"ताई, एक चक्कर तर मारून या. मागचा रस्ता रिकामाच असतो. सर, तुम्हीपण बसा. मागे वजन असलं की गाडी नीट कळते."

"म्हणजे मी पोतं," मास्तर म्हणाले. पण उठले.

चढायला वेळ लागला. उजव्या हातानं पँट धरून त्यांनी डावा पाय उचलला आणि आणून जागेवर ठेवला. तेवढा वेळ मेकॅनिक एक स्वच्छ पाना पुन्हा स्वच्छ करत राहिला.

गॅरेजच्या मागे गोदामांची रांग होती आणि तिला वळसा घालणारा रस्ता. सरळ होतं तोवर सगळं ठीक होतं. पहिलं वळण आलं, तशी ती सवयीनं डावीकडे कलली. मोटारसायकल अशा वेळी तिच्याबरोबर कलायची. ही कलली नाही. ताठ मानेनं सरळ समोरच्या भिंतीकडे निघाली. तिनं कचकन ब्रेक दाबला. भिंत हातभर राहिली होती.

"अहो, लागलं का तुम्हाला?"

"नाही."

"मला नाही जमायचं हे. अंग आपोआप जातं हो. एवढ्या वर्षांची सवय, आणि आता तीच चुकीची. साधं वळण घेता येत नाही मला."

एवढं बोलून ती रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती, घरी रडली नव्हती. गोदामाच्या भिंतीसमोर हँडल धरून रडली.

मागून मास्तरांचा हात तिच्या खांद्यावर आला.

"टाच आधी, मग चवडा, हे मला रोज पायाला सांगावं लागतं," ते म्हणाले. "पाय ऐकत नाही. मग परत सांगायचं. चिडायचं नाही. चिडलं की तो आणखी आखडतो."

तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"अंगाला सांग, तू गप्प बस. काम हातांचं आहे. डावीकडे जायचंय ना? उजव्या हातानं ढकल, डाव्यानं ओढ. कंबर सरळ. खांदे सैल. चल, गाडी मागे घे."

"अहो, पण..."

"पणबिण काही नाही. मागे घे. सावकाश. हां... आता वळ!"

तो आवाज तिनं वर्षभर ऐकला नव्हता. गोदामाच्या दारातला हमाल दचकून ताठ उभा राहिला.

पुढच्या वळणाला अंग पुन्हा गेलं. "कंबर!" मागून गर्जना झाली. त्याच्या पुढच्या वळणाला गाडी वळली, वेडीवाकडी, पण वळली. कलण्याचं सुख तिच्यात नव्हतं. पण मागे माणूस होता, आणि तो ओरडत होता.

"खांदे! खांदे कुठे निघाले?"

"अहो, हळू. लोक बघतायत," ती हसत म्हणाली.

"बघू देत. शिकणाऱ्यानं लाजायचं नाही."

एका चकरेच्या किती चकरा झाल्या, ते कुणी मोजलं नाही. गॅरेजपाशी आले तेव्हा मेकॅनिक काळजीनं रस्त्यावर येऊन उभा होता.

"कशी वाटली, ताई?"

उत्तर मागून आलं. "बाई अजून कच्च्या आहेत. कंबर जाते. रोज सराव घ्यावा लागेल."

मेकॅनिक त्यांना उतरवायला पुढे झाला. मास्तरांनी मानेनंच नको म्हटलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"चल. उजवीकडची वळणं राहिलीत अजून."