हत्यार न लागलेला खडा

निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी ताईत टेबलावर ठेवला आणि गृहपाठ न केलेल्या मुलीकडे पाहावं तसं ताईतवाल्या बाईकडे पाहिलं.

"तिसऱ्यांदा दोरा तुटला."

"दोरा तुटतो म्हणजे तुमच्यावरचं संकट ताईतानं स्वतःवर घेतलं." हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं.

"तीन महिन्यांत तीन? अहो, मी एकटी राहते. एवढी संकटं आणू कुठून?"

तिनं ताईतातला खडा उजेडात धरला. घराच्या पुढच्या खोलीत तिचं हे काम गेली बारा वर्षं चाललं होतं. रानात पडलेल्या बिया, पाखरांनी टाकलेली पिसं, वाळलेली साल, शिंपले. विकत आणलेलं काही नाही, तोडलेलं काही नाही. सगळ्यात मान होता आरपार भोक असलेल्या नदीतल्या खड्याला. त्याच्यासोबत ती स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी द्यायची : 'या खड्याला माणसाचं हत्यार लागलेलं नाही. हे भोक पाण्यानं पाडलंय. पाण्याला घाई नव्हती.' शेवटचं वाक्य लोकांना फार आवडायचं.

असे खडे आणून द्यायचे डॉक्टर. म्हणजे तिचा नवरा, दातांचे डॉक्टर. दर रविवारी सकाळी नदीवर जायचे आणि जेवायच्या वेळेला चार-पाच खडे आणि गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट घेऊन परत यायचे. "आमच्या ह्यांना कोपऱ्यावरून दूध आणा म्हटलं तरी कपाळाला आठ्या," असं मैत्रिणी म्हणायच्या. ती नुसती हसायची.

पहिला खडा तिच्या स्वतःच्या गळ्यात होता. सव्वीस वर्षं. तेव्हा तो अजून डॉक्टर व्हायचा होता आणि तिला परगावच्या कलाशाळेत प्रवेश मिळाला होता. बॅग भरून झाली होती. परीक्षेच्या नावाखाली नऊ दिवस न फिरकलेला तो, निघायच्या आदल्या दिवशी तिला नदीवर घेऊन गेला. "जायचं की राहायचं, नदीलाच सांगू दे," म्हणाला. पाण्यात हात घातला आणि आरपार भोक असलेला खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. नदीनं इतकं स्पष्ट सांगितल्यावर माणूस काय बोलणार? तिनं घरी येऊन बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

आता तिनं मुख्याध्यापिकाबाईंच्या खड्याच्या भोकात चिमट्यानं टोकरलं. कणीएवढा धातूचा तुकडा टेबलावर पडला. एका बाजूला बारीक चमक होती. लग्नानंतरची पाच वर्षं दवाखान्यात मदतनीस तीच होती. दात कोरायच्या ड्रिलची असली शेकडो टोकं तिनं उकळून, पुसून, नंबरवारी लावली होती. हे दाढेचं होतं.

"काय निघालं हो?" मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा वर केला.

"संकट," ती म्हणाली आणि नवा दोरा ओवून दिला.

रविवार होता. दवाखाना बंद होता आणि आत ड्रिल चालू होतं. ती मागच्या दारानं आत गेली. प्लास्टरच्या जबड्यात दोन दातांच्या मध्ये एक खडा घट्ट बसवला होता. तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर भिंग लावून डॉक्टर त्याच्यावर वाकले होते. "झालंच हं, अगदी थोडं राहिलंय," ते सवयीनं खड्याला म्हणाले.

"डॉक्टर."

एरवी ती त्यांना नावानं हाक मारायची. ड्रिल थांबलं. तिनं धातूचा तुकडा स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला. एवढासा तुकडा, पण आवाज झाला.

"किती वर्षं?"

"तुझ्या ताईतांच्या पहिल्या प्रदर्शनापासून. तुला चाळीस हवे होते गं. मी दोन रविवार नदीत उभा राहिलो. एक मिळाला नाही."

"मग हे खडे?"

"समोर काही ना काही बांधकाम चालूच असतं. वाळूच्या ढिगात सापडतात." खड्यावरची भुकटी झटकत ते म्हणाले, "सापडलेलेच आहेत तसे."

"आणि भिजलेली पँट?"

डॉक्टरांनी चूळ भरायच्या बेसिनकडे पाहिलं.

ती पेशंटच्या खुर्चीत बसली. ऑपरेशनला निघालेल्या माणसांच्या मुठीत, तान्ह्या मुलांच्या उशाशी, कुणाकुणाच्या गळ्यात हे खडे गेले होते. पाण्याला घाई नव्हती. घाई डॉक्टरांना होती. साडेबाराला जेवायला घरी पोचायचं होतं.

"मी लिहून दिलंय रे लोकांना. माझ्या हातानं."

"तू कुठे खोटं लिहिलंस? तुला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. दात काढावा लागेल हे ते याच आवाजात सांगायचे.

तिचा हात गळ्याशी गेला. खडा गुळगुळीत होता, अंगाच्या उबेनं कोमट झालेला. तिला जरा धीर आला. चिठ्ठ्या बंद करता येतील. ज्यांना दिले त्यांना एकेक करून सांगता येईल. लोक हसतील, चार दिवस बोलतील. एक खडा खरा असला की बाकीचं सगळं निस्तरता येतं.

"लोकांचं मी बघते काय ते," ती म्हणाली. "पण हा..." आणि खडा मुठीत धरून तिनं वर पाहिलं.

डॉक्टरांनी मास्क काढला. भिंग काढून पुसलं, मग पुन्हा पुसलं. शेवटी लाजल्यासारखं हसून म्हणाले,

"तेव्हा आमच्या कॉलेजात पायानं चालवायचं यंत्र होतं गं. नऊ दिवस लागले."