खुणेचा दिवा

"अँपियर म्हणजे काय?" इब्तिहालबाईंनी विचारलं.

"जनरेटरवाला महिन्याला विकतो ते!" सहावीच्या मुली एका सुरात ओरडल्या. "आमचे चार!" "आमचे सहा, बाई!" "हिचे दोनच, म्हणून ही उन्हाळाभर घामाघूम!"

दुसरी कुणी बाई असती तर हसली असती. इब्तिहालबाईंनी फळ्यावर व्याख्या लिहिली आणि हातावरचा खडू झटकला. ऑगस्टपासून त्यांचं असंच चाललं होतं. दातांच्या डॉक्टरने सुई दिली की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंगच झालं होतं. नवरा गेला त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. जब्बार वीजखात्यात लाइनमन. गल्लीतली सरकारी वीज गेलेली, म्हणून तो निर्धास्तपणे खांबावर चढला. कुठल्या तरी घरातून जनरेटरची वीज उलटी तारेत आली आणि तो वरच लटकला.

घर कुठलं, हे ठरवायला कुणाला वेळ लागला नाही. बाकी सगळी गल्ली मोहल्ल्याच्या मोठ्या जनरेटरवर, तिथली जोडणी जनरेटरवाल्याने केलेली. स्वतःचा जनरेटर, तोही स्वतःच्या हाताने जोडलेला, फक्त शेजारच्या अबू सलवानकडे. टोळीच्या शेखांनी बैठकीत विचारलं, "त्या वेळी त्याचा जनरेटर चालू होता का?" "होता. भिंतीपलीकडून आवाज येत होता," इब्तिहालबाईंनी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. अबू सलवानने हजरत अब्बासची शपथ घेतली. लोक म्हणाले, आता शपथा घेऊन काय उपयोग? रक्त सांडलं की त्या घराने गाव सोडायचं, ही रीतच. इराकातलं हे नासिरिया सोडायला त्याला डिसेंबरातल्या या गुरुवारपर्यंत मुदत मिळाली. आज तो गुरुवार होता, आणि ट्रक दुपारी यायचा होता. त्याची मुलगी रिहाब मागच्या बाकावर शेवटचा तास बसली होती. करावं तसं भरावं, असं इब्तिहालबाई मनाशी म्हणाल्या. तेही म्हणायचं म्हणून.

शिक्षणखात्याकडून प्रयोगाचं खोकं आलं होतं. प्रत्येकीने पुठ्ठ्यावर आपापलं घर मांडायचं होतं. पेन्सिल हा रस्त्यावरचा खांब, एक सेल सरकारी वीज, दुसरा सेल जनरेटर, आणि मध्ये खालीवर करायचा खटका, चेंजओव्हर, म्हणजे दोन्ही विजा कधी एकत्र येणार नाहीत. खांबाकडून येणाऱ्या तारेवर एक बारका बल्ब. तो खुणेचा दिवा इथे घराघरांत असतो. सरकारी आली की तो पेटतो आणि पोरं घर डोक्यावर घेतात. खोक्यात सेल मोजकेच निघाले, म्हणून सरकारीचा सेल सगळ्या वर्गात मिळून एकच होता. नेहमीसारखाच.

रिहाब पुठ्ठा घेऊन पुढे आली. कित्येक आठवड्यांत ती वर्गात बोलली नव्हती.

"बाई, सरकारीचा सेल काढून घ्या."

बाईंनी तो काढून हातात धरला. रिहाबने चेंजओव्हर खाली केला. घरातला बल्ब लागला, खुणेचा लागला नाही.

"बघा ना. आमच्याकडे हा आहे. बाबांची वीज खांबाकडे जातच नाही."

मागच्या बाकांवरच्या मुली पुठ्ठा बघायला उठल्या.

"पुठ्ठ्यावर सगळ्यांचीच घरं चांगली असतात," बाई म्हणाल्या. "जा, बस."

रिहाब हलली नाही. तेवढ्यात तिच्याशेजारी बडबडी तबारक येऊन उभी राहिली.

"बाई, माझा चेंजओव्हर मोडलाय. मग मी आमच्या मामीसारखं केलं. तिचा जळलाय ना, तर ती दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घेते. एक पिन जनरेटरच्या सॉकेटात, दुसरी घरातल्या. झालं काम!"

तिने वायर टेकवली. घरातला बल्ब लागला आणि त्याच क्षणी खुणेचाही.

"सरकारी आली! सरकारी आली!" मुलींनी टाळ्या पिटल्या.

"कशी येईल?" रिहाब म्हणाली. "सरकारीचा सेल तर बाईंच्या हातात आहे."

इब्तिहालबाईंनी मूठ उघडून पाहिली. सेल तिथेच होता.

त्यांच्या घरचा चेंजओव्हर जुलैतच जळला होता. गावाच्या तारा जोडणारा जब्बार स्वतःच्या घरी मात्र "उद्या बसवतो" म्हणत राहिला. पिनांची वायर त्यानेच करून दिली होती, लावण्याआधी मेन पाडून घर खांबापासून तोडायचं असं बजावून. जब्बार खांबावर चढला, त्या दुपारी त्या बाजारातून उन्हाच्या आल्या. सरकारी नाहीच, तर मेन पाडायचं कशाला, असं म्हणून त्यांनी पिन खुपसली. खुणेचा दिवा लगेच पेटला. काय आनंद झाला होता त्यांना! जोडली वाटतं जब्बारने तार, असं म्हणत त्यांनी साठलेले सगळे कपडे मशीनमध्ये टाकले होते.

"बाई, माझं चुकलं का?" तबारकने घाबरून विचारलं.

"नाही. तुझं बरोबर आहे." आता तरी रडू येईल असं त्यांना वाटलं. आलं नाही. त्या रिहाबकडे वळल्या.

"घरी पळ. बाबांना सांग, ट्रक परत पाठवा."

"बाबा नाही ऐकायचे, बाई. विचारतील, कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं म्हण. म्हणावं, त्या दुपारी गल्लीत सरकारी आली होती ती फक्त आमच्या घरी."