भिंतीपलीकडचा चोर

चपलेच्या खोक्याएवढा तो नवाकोरा गेमिंग कॉम्प्युटर रोज खेळ ऐन रंगात आला की वायफाय सोडून द्यायचा. मुलाने अँटेना फिरवून पाहिल्या, राउटर बदलला, नेटवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. आईलाही सोडलं नाही.

"तूच त्या वायरींना हात लावतेस ना?"

"मी कशाला लावू रे बाबा? मला त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांची धास्तीच वाटते."

आज मात्र चोर सापडला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह घुमू लागला की नेट गुल, थांबला की परत हजर! हेडफोन आपटून तो तरातरा आत गेला.

"आई, किती वेळा लावतेस गं तो मायक्रोवेव्ह? करतेस तरी काय एवढं?"

"अरे, हाक मारली की तू 'आलोच' म्हणतोस. मग मी तुझं जेवण गरम करायला ठेवते. तू येत नाहीस, ते गार होतं. मग पुन्हा ठेवते."

तिच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

 

"बस आता," आपली पालथी ताटली सुलटी करत ती म्हणाली, "म्हणजे मलाही जेवता येईल."