पावसाळ्यात बंद पडलेली हृदयं

माउलींनो, टाळ जरा खाली ठेवा आणि सरकून जवळ बसा. आज पोथी मिटून आपल्या वारणाकाठची गोष्ट सांगतो. यात कुठला देव धावून येत नाही. शिकून अभ्यासक झालेली बहीण येते, सूड घ्यायला.

अश्लेषाचा भाऊ हरी साप चावून वारला. दवाखान्यात सापाची लस नव्हती. ते झाकायला डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हार्ट अटॅक लिहिलं. पुढं तेच डॉक्टर जिल्ह्यातल्या दवाखान्यांचे साहेब झाले. सरकारनं अभ्यासकांना दवाखान्यांच्या नोंदी बघायला सांगलीत, काही उतरवून बाहेर नेता येणार नाही अशी, बंद खोली उघडली, तेव्हा साहेबांनीच बजावलं, "नावं खोडा, मगच दाखवा." अश्लेषा मोबाईल, पेन दारात ठेवून महिनाभर आत बसली. तिथल्या लोकांनी तिला बाहेर नेऊ दिले ते त्यांनी तपासलेले आकडेच. तेच तिनं साहेबांसमोर भरल्या सभेत पडद्यावर लावले: फक्त साहेबांच्या जुन्या दवाखान्यात, ऐन पावसाळ्यात, रानात राबणाऱ्या तरण्या पोरांची हृदयं बंद पडलेली. साहेब हसले, "बाई, यात कुणाचं नाव कुठाय?" अश्लेषानं पिशवीतला मळका रुमाल त्यांच्यापुढं टाकला. "नावं तुमीच खोडलीसा. ह्यो हरीच्या पोटरीला बांधलेला हुता. हार्ट अटॅकला पाय कोण बांधतं वं, साहेब?"

साहेबांची मान खाली गेली ती वर आलीच नाही, आणि पांडुरंगाची शपथ, मला त्यांची दया आली नाही. यंदा नागपंचमीला लाह्या वाहाल, तेव्हा हरीला आठवा. आणि ज्यांच्यासाठी खोलीत बसायला बहीण नव्हती, त्या पोरांनाही.